दोन करारांमधला मुक्काम

१८५८ साली तोकुगावा शोगुनशाहीने अमेरिका, हॉलंड, रशिया, इंग्लंड आणि फ्रान्स या पाच राष्ट्रांशी जे तह केले, त्यांनी परकीयांना जपानच्या भूमीवर पाऊल टाकण्याची मुभा दिली खरी. परंतु ते पाऊल कोठवर टाकावे याची मर्यादाही त्याच तहनाम्यांच्या कलमांत आखून ठेवलेली होती. योकोहामा, नागासाकी आणि हाकोदाते ही बंदरे १८५९ पासून, तर कोबे १८६८ पासून खुले झाले. या बंदरांना लागून परकीयांच्या वसाहती वसल्या. तेथे ते आपापल्या राष्ट्राच्या वकिलाच्या न्यायाधिकाराखाली राहत, व्यापार करीत, वर्तमानपत्रे काढीत, आणि सभोवार दहा री, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर, इतक्या टापूत त्यांना विनापरवाना फिरता येई. त्यापलीकडचा सारा जपान त्यांना बंद होता.

या बंद मुलखात शिरण्याचे मार्ग दोनच होते. पहिला रहदारीच्या परवान्याचा. १८७८ साली इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासिनी उत्तर जपान पाहण्यास निघाली, तेव्हा तिच्याजवळ असा परवाना होता आणि त्यातील अटींची नोंद तिने आपल्या प्रवासग्रंथात मोठ्या कौतुकाने करून ठेवली आहे. असा परवाना प्रकृतिस्वास्थ्य, वनस्पतिसंशोधन किंवा शास्त्रीय अन्वेषण याच कारणांसाठी मिळे. परवानाधारकाने रानात विस्तव पेटवू नये, आग लागली असता घोड्यावर बसून ती पाहण्यास जाऊ नये, शेतांत व कुंपणांत शिरू नये, देवळांच्या भिंतींवर काही खरडू नये, अरुंद रस्त्यावरून गाडी भरधाव हाकू नये, शिकार करू नये, व्यापार करू नये, आणि प्रवासाला लागेल त्याहून अधिक काळ घर वा खोली भाड्याने घेऊ नये, अशा त्या अटी होत्या. आगीच्या कलमाचे हसू येते. पण शेवटचे कलम मात्र हसण्यासारखे नव्हते, कारण परक्या मनुष्याने आत हिंडावे, मात्र बिऱ्हाड करू नये, हा त्या सर्व व्यवस्थेचा मूळ हेतू त्यातच सांगितलेला होता. मुक्कामाला धर्मशाळेत उतरावे तर तेथे पोलीस येऊन परवान्याची अक्षरशः नक्कल करून नेत.

दुसरा मार्ग चाकरीचा. ज्या परकीयास सरकारने, एखाद्या दाइम्योने म्हणजे संस्थानिकाने, किंवा सरकारची मंजुरी घेऊन एखाद्या खाजगी जपानी गृहस्थाने करारनामा करून नोकरीस ठेवले असेल, त्याला बंदराबाहेर, चाकरीच्या ठिकाणी, कराराच्या मुदतीपर्यंत राहता येई. अभियंते, वैद्य, लष्करी निष्णात आणि बहुसंख्येने शिक्षक अशी ही माणसे. जपानी इतिहासकार त्यांना ‘ओयातोइ गाइकोकुजिन’ म्हणतात. एकेकाच्या वेतनाचे आकडे पाहिले म्हणजे त्या काळचे जपानी कारभारी किती निकडीने शिकू पाहत होते ते ध्यानात येते: ओसाकाच्या टाकसाळीचा प्रमुख किंडर याला दरमहा १,०४५ येन मिळत, आणि साम्राज्याचा प्रधानमंत्री सान्जो सानेतोमी याला ८००. इतका पगार कोणतेही शहाणे सरकार कायमचा देत नाही. परदेशी पाठवलेले आपले विद्यार्थी परतले की गोऱ्या गुरूची जागा त्यांना द्यावयाची, हा बेत प्रथमपासून ठरलेला होता. तेव्हा करार संपणे हा अपघात नसून योजनेचाच एक भाग होता, आणि करार संपला की मुक्कामाचा आधारही संपे. नोकरी गेली म्हणजे पगार जातो हे जगात सर्वत्र ठाऊक आहे. जपानात नोकरीबरोबर पायाखालची जमीनही जात असे.

याचा पहिला लक्षणीय अनुभव ज्याला आला, त्याच्या बाबतीत नोकरी नव्हे तर मालकच नाहीसा झाला. विल्यम एलियट ग्रिफिस हा न्यू जर्सीतील रटगर्स महाविद्यालयाचा पदवीधर. तेथे शिकण्यास आलेल्या कुसाकाबे तारो या फुकुइ संस्थानच्या तरुण सामुराईला त्याने शिकवले होते; तो बुद्धिमान मुलगा १८७० मध्ये तेथेच वारला, आणि त्याच वर्षी त्याच्या संस्थानाने आपल्याकडे रसायन व पदार्थविज्ञान शिकवण्यासाठी ग्रिफिसला बोलावून घेतले. १८७१ च्या मार्चमध्ये तो फुकुइला पोहोचला, तीन वर्षांच्या कराराने. सहा महिने होतात न होतात तोच टोकियोच्या नव्या राजवटीने एका हुकुमासरशी देशातील सर्व संस्थाने खालसा केली. त्या १ ऑक्टोबरला फुकुइच्या किल्ल्यात संस्थानाधिपतीने आपल्या सामुराईंचा निरोप घेतला तो प्रसंग ग्रिफिसने तेथे उभे राहून पाहिला. सातशे वर्षांची सरंजामशाही डोळ्यांदेखत मावळताना पाहणारे परकीय फारसे नव्हते आणि त्याचे वर्णन लिहून ठेवणारे त्याहून थोडे. आपली संस्थाने विलीन झाली तेव्हाही अनेक दरबारांत असे निरोप झाले असतील, पण तेथे भिंतीशी उभ्या राहिलेल्या एखाद्या परदेशी मास्तराच्या मनात काय आले हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही. ग्रिफिसची शाळा तत्काळ बंद पडली नाही. परंतु चांगले विद्यार्थी आणि कर्तबगार अधिकारी एकेक करून राजधानीकडे निघून गेले, आणि ज्यांच्या विश्वासावर तो समुद्र ओलांडून आला होता ते कारभारीच उरले नाहीत. १८७२ च्या जानेवारीत बर्फ तुडवीत डोंगर ओलांडून तो टोकियोस गेला आणि तेथील सरकारी विद्यालयात रुजू झाला. त्याला जागा तयार होती म्हणून हा मधला काळ एका प्रवासापुरताच ठरला.

त्याचा मित्र एडवर्ड वॉरन क्लार्क याची अडचण निराळी. शिझुओका येथील नोकरीसाठी तो जपानात उतरल्यावर त्याच्यापुढे जो करारनामा ठेवण्यात आला, त्यात ख्रिस्ती धर्माविषयी मौन पाळण्याची अट होती. क्लार्कने सही नाकारली. परत जावे तर एवढा प्रवास फुकट, आणि आत जावे तर कागदावर सही नाही, अशा स्थितीत तो अडून बसला. अखेरीस ते कलम वगळण्यात आले. तरुण मनुष्याचा हट्ट एवढ्याने फळास आला याचे श्रेय त्याच्या धर्मनिष्ठेइतकेच त्या वेळच्या शिक्षकांच्या टंचाईलाही द्यावे लागेल. कुमामोतोच्या शाळेतील कॅप्टन जेन्स हा तेवढा सुदैवी नव्हता. त्याच्या शिष्यांपैकी एका तुकडीने १८७६ च्या जानेवारीत हानाओका टेकडीवर जाऊन जाहीरपणे ख्रिस्ती धर्माची प्रतिज्ञा घेतली. त्याच वर्षी शाळा बंद झाली आणि जेन्सला ओसाकाची वाट धरावी लागली.

त्याच सुमारास क्योटोमध्ये मात्र याच नियमाचा एक उलटा आणि मोठा चतुर उपयोग झाला. क्योटो हे अंतर्भागातील शहर. बौद्ध मठांचे माहेरघर. तेथे मिशनरीने बिऱ्हाड करणे अशक्य. परंतु अमेरिकेत शिकून परतलेला नीजिमा जो याने यामामोतो काकुमा याच्या साहाय्याने १८७५ च्या नोव्हेंबरात दोशिशा ही शाळा काढली, आणि डेव्हिस या मिशनऱ्याला आपल्या शाळेचा पगारी शिक्षक म्हणून दाखवले. पैसा बोस्टनच्या मिशन मंडळाचा; मालक, कागदोपत्री, नीजिमा. ज्या मंडळाने नीजिमाला पोसले त्याच मंडळाची माणसे आता त्याची नोकर म्हणून सरकारदप्तरी नोंदली गेली, आणि प्रत्येकाच्या परवान्यासाठी नीजिमाला अर्जविनंत्या कराव्या लागल्या. सरकारला यातील मर्म कळत नव्हते असे मानणे भोळेपणाचे होईल. कागद नियमात बसतो एवढे पाहून डोळेझाक करण्याची जी कला प्रत्येक जुन्या नोकरशाहीला अवगत असते, ती जपानच्या नव्या नोकरशाहीनेही लवकरच आत्मसात केली.

या सर्वांहून विलक्षण कथा ग्विदो व्हर्बेक याची. १८३० मध्ये हॉलंडातील झाइस्ट येथे जन्मलेला, तरुणपणी अमेरिकेत गेलेला आणि १८५९ पासून नागासाकीत राहिलेला हा मनुष्य पुढे टोकियोच्या सरकारी विद्यालयाचा प्रमुख झाला. ग्रिफिसला राजधानीत जागा मिळाली ती त्याच्याच छायेखाली. सरकारी नोकरी सुटल्यावर तो पुन्हा धर्मोपदेशाकडे वळला, आणि उपदेशकाला गावोगाव हिंडावे लागते. हिंडण्यास परवाना हवा. परवाना आपल्या वकिलातीमार्फत मागावयाचा. आणि व्हर्बेकला वकिलातच नव्हती! डच नागरिकत्व तो गमावून बसला होता, अमेरिकन नागरिकत्व त्याला कधी मिळालेलेच नव्हते. साठी नुकतीच ओलांडलेल्या या गृहस्थाने थेट जपानी सरकारकडे आश्रय मागितला, आणि १८९१ मध्ये परराष्ट्रमंत्र्याने त्याला एक खास परवाना दिला, ज्यायोगे त्याला व त्याच्या कुटुंबाला साम्राज्यात कोठेही जाता, राहता येईल. त्याची मुदत एक वर्षाची होती आणि दरसाल ती नवी करून घ्यावयाची होती. ज्यांना त्याने शिकवले त्यांतले कित्येक आता मंत्रिपदाच्या पंक्तीत होते, हे या औदार्याचे अर्थातच एक कारण असावे; तथापि त्या औदार्यालाही सरकारी लेखणीने बारा महिन्यांची मर्यादा घातली ती घातलीच. १८९८ साली तो टोकियोतच वारला.

लाफ्कादिओ हर्न याच्या चरित्रात तर हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वळणावर उभा आहे, आणि चरित्रकार साहित्यगुणांत रमून त्याकडे दुर्लक्ष करतात असे मला नेहमी वाटत आले आहे. ग्रीक बेटावर जन्मलेला, आयरिश लष्करी वैद्याचा मुलगा, अमेरिकेत वृत्तपत्रांच्या धकाधकीत वाढलेला हा एकाक्ष लेखक १८९० च्या एप्रिलमध्ये योकोहामास उतरला तो एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेसाठी लिहिण्याकरिता. थोड्याच दिवसांत त्याने त्या संस्थेशी संबंध तोडला. नोकरी नाही, पैसा नाही. पण बंदराच्या वसाहतीत राहण्यास कोणाची हरकत नव्हती, म्हणून तो उन्हाळा निभावला. प्राध्यापक चेंबरलेन आणि शिक्षणखात्यातील हात्तोरी इचिझो यांच्या खटपटीने त्याला पश्चिम किनाऱ्यावरील मात्सुए या गावी दरमहा १०० येनांवर इंग्रजी शिकवण्याची जागा मिळाली, आणि ऑगस्टच्या अखेरीस तो तेथे पोहोचला. वर्षभराने, १८९१ च्या नोव्हेंबरात, दुप्पट पगारावर तो कुमामोतोच्या उच्च विद्यालयात गेला. तेथील मुख्याध्यापक होते ज्युदोचे प्रवर्तक कानो जिगोरो.

दरम्यान मात्सुए येथे कोइझुमी सेत्सु या सामुराई घराण्यातील स्त्रीशी त्याने संसार मांडला होता, आणि १८९३ च्या नोव्हेंबरात त्यांना मुलगा झाला. येथून हर्नची चिंता एकट्या माणसाची राहिली नाही. १८७३ च्या सरकारी फर्मानाप्रमाणे परकीयाशी रीतसर विवाह करणारी जपानी स्त्री आपले नागरिकत्व गमावी. म्हणजे सेत्सुने विवाह नोंदवावा तर ती इंग्रजांची प्रजा होऊन स्वतःच्या देशात परकी ठरणार, आणि न नोंदवावा तर उद्या नवऱ्याचा मृत्यू झाला असता तिचा व मुलाचा त्याच्या मिळकतीवर हक्क सिद्ध होणे कठीण. त्याच फर्मानात तिसरी एक वाट होती: परकीय पुरुष जपानी कुटुंबात घरजावई म्हणून दत्तक गेला तर तो जपानी होई. आपल्याकडे घरजावई म्हटला की चार जण तोंडाला पदर लावतात. तेथे कायद्याने त्याला नागरिकत्वाची सनदच देऊन टाकली होती.

कुमामोतोची नोकरी सोडून १८९४ च्या अखेरीस हर्न कोबेला एका इंग्रजी वृत्तपत्रात गेला. थोड्याच महिन्यांत डोळ्याच्या दुखण्याने तीही नोकरी त्याला सोडावी लागली. पुन्हा बेकार, पण पुन्हा बंदरात. ज्या खुल्या बंदरांचा आणि तेथील गोऱ्या व्यापारी समाजाचा त्याला मनस्वी तिटकारा होता, त्याच बंदरांनी त्याला प्रत्येक रिकाम्या काळात थारा दिला, हा दैवाचा विनोद त्याच्या ध्यानात आला होता की नाही कोण जाणे. या कोबेच्या मुक्कामातच त्याने दत्तकविधानाचा अर्ज चालवला, आणि १८९६ च्या फेब्रुवारीत लाफ्कादिओ हर्न हा कोइझुमी याकुमो झाला. त्याला एक भीती होती: जपानी झाल्यावर पगारही जपानी मोजमापाने मिळेल की काय? परकीय अध्यापकाचे वेतन आणि देशी अध्यापकाचे वेतन यांत तेव्हा जमीन-अस्मानाचे अंतर होते. टोकियोच्या साम्राज्य विद्यापीठाचे अधिष्ठाता तोयामा यांनी तसे होऊ दिले नाही, आणि त्या सप्टेंबरात तो इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक म्हणून रुजू झाला.

मग १९०३ चा जानेवारी उजाडला आणि विद्यापीठाचे पत्र आले की, मार्चअखेर करार संपत आहे. तोयामा तोवर दिवंगत झाले होते. विद्यार्थ्यांनी गिल्ला केला, अधिकारी समजुतीस घरी आले, कमी तासांची आणि कमी पगाराची जागा पुढे करण्यात आली; हर्नने ती नाकारली. त्याच्या जागी जे नेमले गेले त्यांत सरकारी खर्चाने लंडनला जाऊन नुकताच परतलेला नात्सुमे सोसेकी होता. मघाशी सांगितलेला तो जुना बेत येथे शब्दशः पार पडला. परंतु या वेळी हर्नला कोणी राहण्याचा परवाना मागू शकत नव्हते. निशि-ओकुबो येथील घर त्याचे, देश त्याचा, नोकरी तेवढी गेलेली. पुढल्या वर्षी वासेदा विद्यापीठाने त्याला बोलावले, आणि १९०४ च्या २६ सप्टेंबरला तो वारला. नागरिकत्वाच्या त्याच वाटेने जाऊन शिक्षणक्षेत्रात पोहोचलेला एक मराठी मनुष्य आपल्या काळात आहे: महाराष्ट्रातून जपानात गेलेले योगेंद्र पुराणिक यांनी जपानी नागरिकत्व घेतले, २०१९ मध्ये ते टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले, आणि त्यानंतर इबाराकी प्रांतातील एका सरकारी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. त्यांना मात्र घरजावई व्हावे लागले नाही.

१७ जुलै १८९९ रोजी सुधारलेले तह अमलात आले, परकीयांचे स्वतंत्र न्यायाधिकार संपले आणि त्यांबरोबर वसाहतींच्या वेशी व रहदारीचे परवानेही संपले. गोऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने हा सुखाचा काळ होता; चिनी मजुराच्या दृष्टीने तसा नव्हता, कारण त्याच महिन्यातील एका राजाज्ञेने परकीय मजुरांना जुन्या वसाहतींबाहेर काम करण्यास सरकारी अनुज्ञा आवश्यक केली. आणि हिंदी शिक्षकाच्या दृष्टीने? भोपाळचे मौलवी बरकतुल्ला १९०९ मध्ये टोकियोच्या परकीय भाषा विद्यालयात हिंदुस्तानीचे अध्यापक झाले. शिकवण्याबरोबर त्यांनी ‘इस्लामिक फ्रॅटर्निटी’ हे पत्र चालवले आणि त्यात इंग्रजी साम्राज्याचा समाचार घेतला. इंग्रज वकिलातीच्या तगाद्याने ते पत्र १९१२ मध्ये बंद पाडण्यात आले, आणि १९१४ मध्ये मौलवींची नोकरी गेली. त्यांना हद्दपार करण्याची आवश्यकताच पडली नाही; जगण्याचे साधन काढून घेतले की मनुष्य आपल्या पायांनी जातो, हे त्या व्यवहारचतुर सरकारला ठाऊक होते. ते अमेरिकेस गेले, गदर पक्षाला मिळाले, आणि १९१५ च्या डिसेंबरात काबुलमध्ये स्थापन झालेल्या हंगामी हिंद सरकारचे पंतप्रधान झाले.

आज ज्याला आपण व्हिसा म्हणतो त्याची जपानातील घडण महायुद्धांच्या धामधुमीत झाली: १९१८ च्या गृहखात्याच्या आदेशाने परकीयांच्या प्रवेशाचे नियमन झाले, १९३९ मध्ये ते अधिक कडक झाले, आणि १९५१ च्या प्रवेशनियंत्रण आदेशाने परकीयाला विशिष्ट कामासाठी, विशिष्ट मुदतीपुरते राहू देण्याची सध्याची पद्धती पक्की केली. जुना चाकरीचा परवानाच नव्या वेषात परत आला. त्याची परीक्षा घेण्यास निमित्त झाला रोनाल्ड मॅक्लीन हा तरुण अमेरिकन. १९६९ च्या मे महिन्यात एका भाषाशाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी तो एक वर्षाच्या परवान्यावर आला, आणि अवघ्या सतरा दिवसांत, परवानगी न घेता, ती शाळा सोडून दुसऱ्या संस्थेत शिकवू लागला. फावल्या वेळात तो बिवा आणि कोतो ही जपानी तंतुवाद्ये शिके, आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या शांततामय मोर्चांत चाले. वर्ष संपताना त्याने मुदतवाढ मागितली. अध्यापन चालू ठेवायचे आहे आणि वाद्यांचा अभ्यास पुरा करायचा आहे, असे कारण दिले. सरकारने जाण्याच्या तयारीसाठी १२० दिवस दिले. त्याने पुन्हा एक वर्ष मागितले. ते नामंजूर झाले. न सांगता बदललेली नोकरी आणि मोर्चे, ही दोन कारणे.

मॅक्लीन कोर्टात गेला. १९७३ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, १९७५ मध्ये उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि ४ ऑक्टोबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने अंतिम निर्णय दिला. जे मूलभूत हक्क स्वभावतःच केवळ जपानी नागरिकांचे नाहीत ते परकीयांनाही आहेत, असे पीठाने मान्य केले. परंतु ते निवासव्यवस्थेच्या चौकटीतच, आणि मुदतवाढ मिळण्याचा हक्क संविधानाने कोणाही परकीयाला दिलेला नाही. तेव्हा मुदतीच्या आत केलेले वर्तन बेकायदेशीर नसले तरी मुदतवाढीच्या वेळी मंत्र्याने ते प्रतिकूल मानण्यास बाध नाही. या निर्णयाचा पूर्वार्ध विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तरार्ध सरकारी वकील. दोघांचेही काम त्यावर चालते. माझ्या मते जिल्हा न्यायालयाचा विचार अधिक उदार होता, पण राज्यसंस्थेच्या दृष्टीने पाहिले तर उत्तरार्धात नवे असे काही नव्हते. जेन्सच्या शिष्यांची प्रतिज्ञाही बेकायदेशीर होती म्हणून त्याची शाळा मिटली असे नव्हे.

पुढे १९८७ मध्ये सरकारनेच परदेशी तरुणांना शाळाशाळांत इंग्रजी शिकवण्यास आणण्याची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ८४८ जण आले, दरसाल नवे होणाऱ्या करारांवर. या मंडळींची आणि त्यांच्यामागून खाजगी शाळांत आलेल्यांची संख्या वाढत गेली तसा रिकाम्या काळाचा प्रश्नही वाढला, आणि नियमांनी त्याला अखेर आकडे दिले. आता नोकरी सुटल्यास चौदा दिवसांच्या आत कळवावे लागते. ज्या कामासाठी परवाना दिला ते काम सबळ कारणावाचून तीन महिने बंद राहिल्यास परवाना रद्द होऊ शकतो. आणि मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज दिला असेल तर निर्णय होईपर्यंत, फार तर आणखी दोन महिने, राहता येते. नोकरी शोधत असल्याचा पुरावा हे सबळ कारण मानतात. त्यासाठी मुलाखतींची पत्रे व अर्जांच्या नकला जपून ठेवाव्या, असे जुने शिक्षक नव्यांना सांगतात, आणि टोकियोतील शिनागावाच्या प्रवेशनियंत्रण कार्यालयात रांगेत उभे राहणाऱ्यांच्या हातांत त्या नकलांची बाडे असतात.